दहावी ओळ कुणी फॉरवर्ड करत नाही

१२३४५६७८९८७६५४३२१.

घाबरू नका, हा कुणाचा अकाउंट नंबर नाही आणि कुठल्या घोटाळ्याची रक्कमही नाही. ही एक साधी पूर्ण संख्या आहे. सतरा अंकी. आधी मोठ्याने वाचून बघा. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. आता? बहुतेकांची गाडी कोटीपर्यंत येऊन थांबते, कारण बातम्यांमध्ये त्यापुढे आपण 'लाख कोटी' म्हणून वेळ मारून नेतो. त्या हिशेबाने ही संख्या एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस अशी वाचावी लागते. म्हणजे कोटींचे कोटी. धाप लागते.

पण आजी-आजोबांच्या पिढीने पाठ केलेली यादी आठवते का? एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली यादीही परार्धापर्यंतच जाते. त्या यादीने वाचलं तर आपली संख्या अशी होते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटी, आठ कोटी, सात दशलक्ष, सहा लक्ष, पाच दशहजार, चार हजार, तीन शतक, दोन दशक, एक. जिना चढून उतरल्यासारखं वाटतं ना? दशकोटीच्या पायरीवर नऊ आणि मग उतरण. परार्ध फक्त एका पायरीने हुकला.

सुलट वाचा, उलट वाचा, सारखीच. 'चिमा काय कामाची'सारखी.

ही संख्या तुम्ही आधी पाहिलेली असण्याची दाट शक्यता आहे. शाळेच्या ग्रुपवर, सकाळी सकाळी, फुलांच्या फोटोच्या खालोखाल तो त्रिकोण येतो:

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत करत नवव्या ओळीत १११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१. खाली 'गणिताचं सौंदर्य!' आणि तीन-चार हात जोडलेले इमोजी. आपण 'वॉव' टाकतो, पुढे ढकलतो, स्क्रोल करतो.

माझी तक्रार त्या 'वॉव'बद्दल नाही. त्रिकोण खरंच देखणा आहे. माझी तक्रार अशी की तो नेहमी नवव्या ओळीवर थांबतो आणि तो तिथेच का थांबतो हे कुणी विचारत नाही. दहा एकांचं काय? अकरांचं? बनवणाऱ्याची जागा संपली म्हणून तो थांबलेला नाही. दहाव्या ओळीत त्रिकोण मोडतो म्हणून थांबलाय. आणि माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात भारी ओळ हीच आहे, जी आपल्याला कुणी पाठवत नाही.

चला, ती आपणच लिहू. कागद-पेन घ्या. खरंच घ्या, फोनवर करू नका. का ते पुढे सांगते.

आधी नववी ओळ. शाळेत शिकलेला उभा गुणाकार आठवा. १११११११११ ला शेवटच्या १ ने गुणलं की तीच संख्या. पुढच्या १ ने गुणलं की तीच संख्या, एक घर डावीकडे सरकून. अशा नऊ ओळी एकाखाली एक, प्रत्येक एक घर सरकलेली. पत्त्यांची थप्पी तिरकी सरकवल्यासारखी. आता बेरीज करा. अगदी उजव्या रकान्यात एकच १ आहे. त्याच्या शेजारी दोन. मग तीन. मधल्या रकान्यात सगळ्या नऊ ओळी एकमेकींवर येतात, म्हणून ९. तिथून पुढे पुन्हा एकेक कमी. म्हणजे त्या 'चमत्कारिक' संख्येतला प्रत्येक अंक आपल्याला फक्त एवढंच सांगतोय की या रकान्यात किती एक आहेत. बास. चमत्कार वगैरे काही नाही, ही मोजणी आहे.

आता दहा एक. रकान्यांमध्ये उजवीकडून १, २, ३ असं नऊपर्यंत, मग मधोमध १०, मग पुन्हा नऊपासून उतरत एकपर्यंत. इथे घोळ होतो. एका घरात १० मावत नाही. शून्य लिहा, हातचा एक. पुढच्या घरात ९ आहेत, त्यात हातचा मिळवला की पुन्हा १०. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्यापुढच्या घरात ८ आहेत, त्यात हातचा मिळवला की ९. इथे हातचा संपला. पुढे ७, ६, ५ जसेच्या तसे. उत्तर:

१२३४५६७९००९८७६५४३२१

नीट बघा. सातनंतर एकदम नऊ. डाव्या बाजूचा ८ गायब आहे! तो पळाला नाही, हातचा पोटात घेऊन तो ९ झाला. आणि खरे ९ व १० शून्य होऊन मध्ये बसलेत. आरशातलं प्रतिबिंब गेलं, समतोल गेला. पण मला विचाराल तर हे उत्तर नवव्या ओळीपेक्षा जास्त बोलकं आहे, कारण त्यात यंत्र कसं चालतं ते दिसतं. नववी ओळ सुंदर होती याचं एकमेव कारण म्हणजे तिथे हातचा आला नव्हता.

अजून एक गंमत याच कागदावर आहे. नवव्या ओळीच्या उत्तरातल्या सगळ्या अंकांची बेरीज करा: ८१. म्हणजे ९ × ९. आश्चर्य नाही, कारण आपण नऊ ओळींत प्रत्येकी नऊ एक मांडले होते, ते सगळे मोजले गेले. दहाव्या ओळीत १०० यायला हवेत. येतात ८२. अठरा कुठे गेले? हातचा दोनदा घेतला, आणि दर वेळी एका घरातले दहा देऊन शेजारच्या घरात एक मिळाला, म्हणजे नऊ कमी. नऊ दुणे अठरा. हिशेब चोख. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ येतो; त्याच्या अंकांची बेरीज ८५. एकशे एकवीसमधून ३६ कमी. म्हणजे हातचा किती वेळा आला असेल, ते तुम्हीच सांगा.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण यात मत मांडण्यासारखं काय आहे? आहे. कारण आपण गणित ज्या पद्धतीने शिकतोय आणि एकमेकांना शिकवतोय, ती सगळी 'नवव्या ओळीची' पद्धत आहे. स्पर्धा परीक्षांचे रील्स बघा. 'तीन सेकंदांत वर्ग काढा', 'ही ट्रिक तुम्हाला शाळेत कुणी सांगितली नसेल'. एकांच्या वर्गाची ट्रिकही त्यात असते: जितके एक, तितक्यापर्यंत चढा आणि उतरा. झालं उत्तर. ट्रिक बरोबर आहे. पण तिची एक्स्पायरी डेट कुणी छापत नाही. ज्याला रकाने आणि हातचे माहीत आहेत त्याला ट्रिक कुठे संपते ते आपोआप कळतं. ज्याने फक्त ट्रिक पाठ केली तो दहा एकांना छातीठोकपणे चुकीचं उत्तर लिहून येतो.

आणि ती दहापर्यंत थांबते असंही नाही. एकांऐवजी दोन घ्या. २२ चा वर्ग ४८४, छान. २२२ चा वर्ग? ट्रिकवाला ४, ८, १२, ८, ४ असं काहीतरी पुटपुटेल. मधल्या बाराचा एक शेजारच्या आठात जातो आणि उत्तर येतं ४९२८४. तिसऱ्याच ओळीत आरसा फुटला. तीन घ्या: ३३ चा वर्ग १०८९. दुसऱ्याच ओळीत खेळ खल्लास. म्हणून तर फॉरवर्डमध्ये नेहमी एकच असतात. आपल्यासमोर येतं ते आधीच निवडून, उरलेलं कापून आलेलं असतं. हे मला एक पत्रकारितेची विद्यार्थिनी म्हणून जरा जास्तच खुपतं. नऊ ओळी दाखवून दहावी लपवली की खोटं काहीच बोललेलं नसतं, तरी वाचणाऱ्याच्या मनात 'हे असं कायम चालतं' हे खोटं तयार होतं. आलेखांच्या बाबतीत आम्हाला हे वर्गात शिकवतात. त्रिकोणाच्या बाबतीत मात्र आपण हात जोडतो.

बरं, फोनवर का करू नका म्हटलं ते. ही सतरा अंकी संख्या एक्सेलच्या एका घरात टाइप करा. आधी तर ते १.२३४५७ई+१६ असलं काहीतरी दाखवेल. घर मोठं करून, दशांश काढून पूर्ण संख्या मागा, तर मिळेल १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २१ गेले! एक्सेल संख्येचे पहिले पंधराच अंक धरून ठेवतं, पुढे शून्यं भरतं. सोळा अंकी कार्ड नंबर एक्सेलमध्ये संख्या म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो तो याच कारणाने. ब्राउजरमध्ये जावास्क्रिप्टला विचारा, ते सांगेल १२३४५६७८९८७६५४३२०. एकाने कमी. आपली विषम संख्या सम करून टाकली, कारण ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे त्याच्याकडे प्रत्येक पूर्ण संख्येसाठी वेगळी जागाच नाही. या आकारात त्याला फक्त सम संख्या साठवता येतात. पायथॉन मात्र शेवटच्या एकापर्यंत बरोबर देतो. मुद्दा यंत्रांना नावं ठेवण्याचा नाही. मुद्दा हा की यंत्राने दिलेलं उत्तर चुकलंय हे ओळखायला तुम्हाला संख्येची ओळख हवी. विषम गुणिले विषम म्हणजे विषमच. मग शेवटी शून्य आलं कुठून, एवढा प्रश्न पडला तरी पुरे.

तर ओळख करून घेऊ. चेहरा बघून झाला, आता जरा आत.

१११११११११ हे नऊ एक आहेत. नऊ म्हणजे तीन त्रिक. त्यामुळे तीन-तीनचे गट करून ही संख्या १११ × १००१००१ अशी फोडता येते. ज्या एकांच्या रांगेची लांबी फोडता येते ती रांगही फोडता येतेच, हे यातून लगेच दिसतं. १११ म्हणजे ३ × ३७. आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. हा ३३३६६७ मूळ संख्या आहे, तो पुढे फुटत नाही. म्हणजे नऊ एक म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आपली संख्या त्याचा वर्ग, म्हणून तिच्यात चार वेळा ३, दोन वेळा ३७ आणि दोन वेळा ३३३६६७. एवढंच तिचं सामान.

या सामानातून तिचे विभाजक किती ते न मांडता सांगता येतं. ३ एकदाही न घेणं किंवा एक, दोन, तीन, चार वेळा घेणं असे पाच पर्याय. ३७ चे तीन. ३३३६६७ चे तीन. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. पंचेचाळीस विभाजक. विषम आकडा आलाय, तो उगाच नाही. विभाजक नेहमी जोडीने येतात: एक लहान, एक मोठा, गुणाकार केला की आपली संख्या. फक्त वर्ग संख्येत एक जण स्वतःचाच जोडीदार असतो. इथे तो १११११११११. चव्वेचाळीस जण बावीस जोड्यांत आणि मधला एकटा आरशासमोर.

३७ चं एक सुंदर काम याच संख्येवर करून बघता येतं. ९९९ ला ३७ ने भाग जातो, सत्तावीसदा. त्यामुळे मोठ्या संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून बेरीज केली तरी ३७ ची परीक्षा होते. १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. पुन्हा गट करा: २ + ९९७ = ९९९. पास. या कसोटीला मोठ्या कॅल्क्युलेटरची गरज नाही, पेट्रोल पंपाच्या रांगेत उभं राहूनही होते. आणि ११ ने भागून बघा, बाकी १ उरते. एक घर सोडून एक अंकांच्या बेरजा ४१ आणि ४०. अगदी थोडक्यात हुकलं.

मला सगळ्यात आवडतो तो मात्र नऊ एकांना ९ ने भागल्यावर येणारा भागाकार: १२३४५६७९. पुन्हा ८ नाही! आणि १ ला ८१ ने भागलं की ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… हीच माळ कायम फिरत राहते, त्यातही ८ नाही. इथेही दोषी तोच, हातचा. १/८१ म्हणजे १/९ चा वर्ग, म्हणजे ०.१११११… चा वर्ग, म्हणजे संपतच नाही अशी एकांची रांग स्वतःशी गुणलेली. दहाव्या ओळीत जे घडलं तेच इथे अनंतापर्यंत घडतं. ज्याने दहावी ओळ लिहिली त्याला हे वाचताक्षणी ओळखीचं वाटेल. ज्याने नवव्या ओळीवर फॉरवर्ड केलं त्याच्यासाठी हा अजून एक वेगळा चमत्कार, अजून एक हात जोडलेला इमोजी.

आता नावाकडे. या संख्यांना नाव आहे. 'वंडरफुल डेमलो नंबर्स'. डेमलो कोण, कुठला इटालियन गणिती, असं वाटेल. डेमलो हे स्टेशन आहे. जुन्या जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरचं, आज आपण ज्याला डोंबिवली म्हणतो ते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना या संख्यांची कल्पना तिथे सुचली म्हणून त्यांनी तेच नाव ठेवलं आणि १९३८ मध्ये त्यावर लेखही प्रसिद्ध केला. ज्या स्टेशनवर आज लोकलमध्ये एक पाय ठेवायला जागा मिळणं हीच गणिताची परीक्षा असते, त्याचं नाव जगभरच्या संख्याशास्त्राच्या कोशांत आहे. डोंबिवलीकरांनो, मिरवा.

कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले, १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत होते. कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. ६१७४ हा त्यांचा प्रसिद्ध स्थिरांक: चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, हेच करत राहा, फार तर सात फेऱ्यांत ६१७४ वर येता. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला ते कळले. त्या वेळी ते सत्तरीच्या घरात होते.

आता इथे मी फॉरवर्डवाल्यांसारखं करणार नाही. एकांच्या वर्गाचा हा जिना कापरेकरांनी पहिल्यांदा पाहिला असं अजिबात नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त १२३४५६५४३२१ ही संख्या येते. एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि मग क्रमाने उतरणारी, अशा वर्णनाने. ती सहा एकांचा वर्ग आहे. म्हणजे हा जिना हजार-अकराशे वर्षं तरी उभा आहे. कापरेकरांनी केलं ते वेगळं. जिन्याकडे बघून ते थांबले नाहीत, तसल्या संख्यांचं अख्खं कुटुंब शोधत बसले, त्यांना नाव दिलं, कुठले नियम कुठपर्यंत चालतात ते तपासत राहिले. शाळेतून घरी येऊन, हाताने, कागदावर. त्रिकोणाच्या फॉरवर्डमध्ये त्यांचं नाव मी आजपर्यंत एकदाही पाहिलेलं नाही, आणि नाव नसण्यापेक्षाही हे मला जास्त वाईट वाटतं की त्यांची पद्धत त्यात नाही.

याला एक वजनदार विरोध आहे, तो टाळून चालणार नाही. जी. एच. हार्डी. रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे तेच. १९४० मध्ये आलेल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'मध्ये त्यांनी असल्या अंकांच्या गमतींना जवळजवळ झटकूनच टाकलंय. त्यांनी उदाहरण घेतलं होतं ८७१२ आणि ९८०१ चं. ८७१२ ही २१७८ च्या चौपट, ९८०१ ही १०८९ च्या नऊपट, म्हणजे दोन्ही आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत. चार अंकी संख्यांत अशा दोनच. हार्डींच्या मते हे कोड्यांच्या सदरात ठीक, पण गणितज्ञाला त्यात काही नाही.

हार्डींचा मुद्दा समजून घेतला तर तो बरोबर आहे. आपल्या संख्येचा आरशासारखा चेहरा हा संख्येचा गुण नाहीच, तो आपल्या दहा बोटांचा आहे. आपण दहाच्या पायात लिहितो म्हणून घरात नऊपर्यंत मावतं आणि जिना नऊपर्यंत चढतो. छोटं उदाहरण घ्या: १२३२१. हीच संख्या आठच्या पायात लिहिली तर ३००४१ अशी दिसते. संख्या तीच, आरसा गायब. उलट आठच्या पायात एकांची रांग लिहून वर्ग केला तर जिना सातपर्यंतच चढतो आणि आठव्या ओळीत मोडतो. संगणकवाल्यांच्या सोळाच्या पायात तो पंधरापर्यंत चढेल. चेहरा पायानुसार बदलतो. पण पंचेचाळीस विभाजक, ती वर्ग असणं, तिच्यात ३७ दोनदा असणं, हे कुठल्याही पायात, कुठल्याही भाषेत, रोमन अंकांत लिहिलं तरी तसंच राहतं.

पण मला हार्डींशी इथेच भांडायचं आहे. हा फरक, कुठला गुण संख्येचा आणि कुठला आपल्या लिहिण्याचा, मला कळला तो या 'कोड्यांच्या सदरातल्या' संख्येमुळेच. थेट 'पाया' नावाच्या धड्यातून कळला नव्हता. तिथे फक्त उदाहरणं सोडवून मार्क घेतले होते. कोडं हे दार असेल तर दारावर उभं राहून आत खरं गणित नाही म्हणणं फारसं बरोबर नाही. फक्त दारालाच नमस्कार करून परत जाणंही नाही.

'याचा उपयोग काय?' हा प्रश्नही येणार. या संख्येचा? काहीही नाही. तिच्यामुळे नोकरी लागणार नाही, ईएमआय कमी होणार नाही. पण 'मला मॅथ्स नाही जमत यार' हे आमच्या मास कॉमच्या वर्गात जेवढ्या अभिमानाने सांगतात तेवढ्या अभिमानाने कुणी 'मला वाचता येत नाही' सांगेल का? आणि तेच आपण उद्या अर्थसंकल्पाचे लाख कोटी, मतांची टक्केवारी, आजाराचे आकडे लोकांना समजावून सांगणार. तिथेही कुणीतरी नऊ ओळी सुबक मांडून देणारच आहे.

असो. कागद अजून हाताशी असेल तर एक शेवटची रांग घ्या. एकोणीस एक: मोजताना डोळे फिरतील असं लिहिण्यापेक्षा आपण तिला 'एकोणीस एक' असंच म्हणू. ही रांग विशेष आहे, कारण ती स्वतः मूळ संख्या आहे. नऊ एकांसारखी ती फुटत नाही. एकांच्या रांगांमध्ये असं क्वचित होतं. ११ मूळ आहे, मग थेट एकोणीस एक, मग तेवीस एक, मग एकदम ३१७ एक. त्यामुळे एकोणीस एकांचा वर्ग सदतीस अंकी असूनही त्याचे विभाजक फक्त तीन: १, ती रांग आणि तो वर्ग. आपल्या सतरा अंकी संख्येचे पंचेचाळीस आणि या सदतीस अंकी राक्षसाचे तीन!

तो वर्ग असा: १२३४५६७९०१२३४५६७९००९८७६५४३२०९८७६५४३२१. डावीकडे ८ दोनदा गायब. उजव्या बाजूला या वेळी ८ शाबूत आहे, पण मधल्या उतरणीत दोनच्या पुढे १ येतच नाही, थेट शून्य. आणि मधोमध जी दोन शून्यं शेजारी बसलीत, तिथे पहिल्यांदाच हातचा एक नव्हे, हातचे दोन आलेत. नेमके कुठल्या रकान्यात, ते शोधा.